लोखंडाची परीक्षा

शालेय विज्ञानप्रदर्शनांचा हंगाम जवळ आला म्हणजे बाजारातील दुकानांत एक निराळाच माल दिसू लागतो. धूर ओकणारा ज्वालामुखी, फिरणारी पवनचक्की, पाणी उपसणारा पंप, उघडझाप करणारे हृदय, जे हवे ते तयार मिळते. पालकांनी पैसे मोजावेत, पाल्याने पुठ्ठ्यावर आपले नाव चिकटवावे आणि परीक्षकांनी समोर उभे राहून दोन ठरीव प्रश्न विचारावेत, हा व्यवहार आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही वावगे घडत असेल अशी शंकाही कोणाच्या मनास शिवत नाही. आम्हांस मात्र ती शिवते, आणि ती येथे स्पष्ट शब्दांत मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दुसऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्यास आपण शिक्षा करतो. मग दुसऱ्याच्या हातची कृती आपली म्हणून मांडणाऱ्यास बक्षीस कोणत्या न्यायाने देतो?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: कच्च्या धातूपासून स्वतः घडवलेली आणि खरोखर चालणारी एक लहानशी वस्तू मुलास जे शिकवते, ते शिक्षण यंत्रशास्त्राचे तर असतेच, पण त्याहून अधिक सत्यनिष्ठेचे असते. हे म्हणणे वाचकांस नीट पारखून घेता यावे म्हणून आम्ही मुद्दामच एक अवघड उदाहरण घेतो. ते उदाहरण म्हणजे मोटारगाडीच्या सहा सिलिंडरांच्या, एका रांगेत मांडलेल्या इंजिनाची चौथाई मापाची, पेट्रोलवर चालणारी प्रतिकृती. सुट्या भागांची तयार पेटी आणून जोडलेली प्रतिकृती आम्हांस अभिप्रेत नाही. लोखंडाची कांब, बिडाचा ठोकळा आणि पितळेचा तुकडा यांपासून आरंभ करून जी घडवली जाते, ती अभिप्रेत आहे. असे काम निव्वळ हौसेने करणारे कारागीर अनेक देशांत आहेत. फार दूर कशास जावे? आमच्या शहापुराहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या नागपूरचे श्री. इक्बाल अहमद यांनी बोटाच्या टोकावर बसतील इतकी चिमुकली आणि तरीही प्रत्यक्ष चालणारी वाफेची इंजिने घडवून जगभरच्या जाणकारांत नाव मिळवले. तेव्हा ही कला सातासमुद्रापलीकडची आहे असे म्हणून हात झटकण्याची सोय आपणांस राहिलेली नाही.

प्रथम सहाच सिलिंडर का, हे समजून घेतले पाहिजे. मोटारीच्या नेहमीच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरातील दट्ट्या, म्हणजे पिस्टन, चार खेपांत आपले काम पुरे करतो. पहिल्या खेपेस तो पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढतो. दुसऱ्या खेपेस ते दाबतो. तिसऱ्या खेपेस ठिणगी पडून मिश्रण पेटते आणि दट्ट्यास खाली ढकलते. चौथ्या खेपेस जळका धूर बाहेर टाकला जातो. या चार खेपांत खालचा क्रँकशाफ्ट दोन वेढे फिरतो. अर्थात एकच सिलिंडर असेल तर दोन वेढ्यांत शाफ्टास एकदाच धक्का मिळतो, आणि उरलेला सर्व वेळ त्यास जड चाकाच्या जोरावर कसेबसे फिरत राहावे लागते. सहा सिलिंडर असले म्हणजे दोन वेढ्यांचे 720 अंश सहांत वाटले जातात व दर 120 अंशांवर नवा धक्का मिळतो. आमचा जिल्हा भाताचा. एका उखळात तिघीजणी आळीपाळीने मुसळे घालून कांडत असत, तेव्हा कोणाचे मुसळ कोणाच्या मुसळास लागत नसे आणि ठेका कधी तुटत नसे, हे घरोघरच्या आज्यांना ठाऊक आहे. सहा सिलिंडरांचे इंजिन नेमके हेच करते. मात्र येथील पाळी 1-2-3 अशी सरळ नसते. मिश्रण पेटण्याचा क्रम सामान्यतः 1-5-3-6-2-4 असा ठेवतात, म्हणजे लागोपाठचे धक्के शेजारशेजारच्या सिलिंडरांत न पडता पुढे-मागे वाटले जातात.

या रचनेत दुसराही एक गुण आहे. पहिला व सहावा, दुसरा व पाचवा, तिसरा व चौथा असे दट्ट्ये जोडीजोडीने एकत्र वर-खाली होतात. या तीन जोड्या एकमेकींपासून 120 अंशांवर असल्यामुळे त्यांच्या हिसक्यांची बेरीज शून्यावर येते. आणि पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचे आरशातील प्रतिबिंब असल्यामुळे इंजिन पुढे-मागे डुलतही नाही. चार सिलिंडरांच्या साध्या इंजिनात शाफ्टाच्या दुप्पट गतीने होणारी जी थरथर शिल्लक उरते, ती येथे उरत नाही. म्हणूनच 1903 साली हॉलंडमधील स्पायकर कंपनीने सहा सिलिंडरांची मोटार पुढे आणल्यावर इंग्लंडातील नेपियर कंपनीने तसल्या मोटारींचा व्यापार सुरू केला, आणि 1906 साली रोल्स-रॉइस कंपनीने आपली सुप्रसिद्ध 40/50 मोटार याच रचनेवर उभी केली. गुणासोबत दोषही आला. सहा सिलिंडरांचा शाफ्ट लांब असतो आणि लांब वस्तू पिळली जाते. पिळलेल्या ओल्या पंचाप्रमाणे तो पीळ खातो व सोडतो, आणि विशिष्ट गतीस त्याचा कंप इतका वाढतो की, तो तुटण्याचीही भीती असते. तेव्हा कारखानदारांस शाफ्ट जाड करावा लागला व कंप शोषून घेणारी निराळी योजना करावी लागली.

आपल्याकडेही या इंजिनाचा इतिहास आहे. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि 1947 पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो व प्लिमथ या अमेरिकन नावांच्या मोटारी बाहेर पडू लागल्या. त्या पिढीच्या या मोटारींत बिडाचे, बाजूस झडपा असलेले, सहा सिलिंडरांचे इंजिन असे. आज शहापुरावरून जाणाऱ्या महामार्गावर रात्रंदिवस ज्या अवजड मालमोटारी धावतात, त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात सहा सिलिंडरांचीच रांग असते. फरक इतकाच की, त्या डिझेलवर चालतात. याच रस्त्याने भंडाऱ्यापुढे गेले की गडेगावचा अशोक लेलँडचा कारखाना लागतो. मग आमच्या विद्यार्थ्यांस हे इंजिन परके का असावे?

आता प्रतिकृतीकडे वळू. त्या जुन्या अमेरिकन इंजिनांपैकी एकाच्या सिलिंडराचा व्यास सव्वातीन इंच, म्हणजे 82.55 मिलिमीटर होता. आणि दट्ट्याची धाव 111 मिलिमीटरांहून किंचित अधिक होती. चौथाई प्रतिकृतीत व्यास सुमारे 20.6 मिलिमीटर आणि धाव सुमारे 27.8 मिलिमीटर होईल. येथवर नुसता भागाकार आहे. पाचवीच्या मुलासही तो येतो. पण घनफळाचे काय? लांबी चारपट कमी झाली म्हणजे क्षेत्रफळ सोळापट कमी होते आणि घनफळ चौसष्टपट कमी होते. मूळ इंजिनाची सहाही सिलिंडर मिळून सुमारे 3,570 घन सेंटिमीटर होती. प्रतिकृतीची सहा मिळून भरतील केवळ 56 घन सेंटिमीटर. एका सिलिंडरात दोन चमचेसुद्धा मिश्रण मावणार नाही. घनफळ चौसष्टपट घटले, परंतु ज्या भिंतींतून उष्णता निसटते त्यांचे क्षेत्रफळ सोळापटच घटले. अर्थात पेटलेल्या मिश्रणाच्या मानाने उष्णता निसटून जाण्यास चौपट वाव मिळाला. म्हणून लहान इंजिन मोठ्याच्या मानाने मंद व अशक्त निघते, आणि ते सुरू करण्यासच पुष्कळ आर्जव करावे लागते.

इतकेच नव्हे. आपण आराखडा चौथाई केला म्हणून सृष्टी चौथाई होत नाही. परमेश्वराने हवेचे कण आपल्या सोयीसाठी लहान केलेले नाहीत. पेट्रोलचा तुषार तेवढाच राहतो, तेलाचा चिकटपणा तोच राहतो आणि ठिणगीस उडी मारण्यास लागणारे अंतरही आपल्या मापपट्टीचे ऐकत नाही. मोठ्या इंजिनाच्या भिंतीची जाडी चौथाई केली तर ती टिकेल काय? स्क्रूचे आटे चौथाई केले तर ते ताण सोसतील काय? प्रत्येक ठिकाणी असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर मूळ आराखड्यात सापडत नाही. म्हणून खऱ्या प्रतिकृतिकारास मोठ्या इंजिनाची नक्कल करून भागत नाही. त्यास मोठे इंजिन तसे का आहे ते आधी समजावे लागते आणि मग लहान इंजिनाचा नव्याने विचार करावा लागतो. पाठांतर व आकलन यांतील भेद आम्ही शिक्षक वर्गात नित्य सांगत असतो. परंतु तो इतक्या रोखठोकपणे दाखवणारे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

सर्वांत कठीण भाग म्हणजे क्रँकशाफ्ट. आमच्या मापाच्या प्रतिकृतीसाठी सुमारे 45 मिलिमीटर जाडीची पोलादी कांब घ्यावी लागेल. तिच्या दोन्ही टोकांस एक खूण मध्यावर व तीन खुणा मध्यापासून 13.9 मिलिमीटर अंतरावर, परस्परांपासून 120 अंशांवर कराव्या लागतील. या खुणांवर कांब पाळीपाळीने लेथवर धरून सहा क्रँकपिना कोरून काढावयाच्या. दोन्ही टोकांच्या खुणा जराशा जरी एकमेकींशी चुकल्या, तरी पिना तिरप्या होतात व सगळे श्रम फुकट जातात. कांबीचा बराचसा भाग कीस होऊन खाली पडतो आणि जो उरतो तो इतका नाजूक होतो की, लेथच्या दाबानेच वाकू लागतो. त्यासाठी कोरलेल्या फटींत तंतोतंत बसणारे ठोकळे घालून त्यास आधार द्यावा लागतो. शिवाय धातूच्या अंगात पूर्वीच्या घडणीचे ताण दडलेले असतात. एका बाजूचे द्रव्य काढले की ते ताण मोकळे होतात आणि काल सरळ असलेली कांब आज वाकडी दिसते. म्हणून जाणता कारागीर आधी ओबडधोबड कोरतो, कांब काही दिवस तशीच ठेवतो, आणि तिला जितके वाकावयाचे तितके वाकू देऊन मग शेवटचा हात फिरवतो. घाई करणाऱ्यास ती क्षमा करीत नाही.

सुताराच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. झोपडीच्या दारास तेवढे माप पुरते. येथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब ठेवावा लागतो. दट्ट्या ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडर बिडाचे असेल, तर तापल्यावर दट्ट्या सिलिंडराच्या सुमारे दुप्पट प्रमाणात फुगतो. त्यास पुरेशी मोकळीक ठेवली नाही तर तो अडकतो, आणि जास्त ठेवली तर दाब निसटून जातो. बारा झडपा आपापल्या बैठकीवर अशा बसल्या पाहिजेत की, त्यांवर घासलेट ओतले असता थेंबही झिरपू नये. बारांपैकी अकरा उत्तम बसल्या आणि बारावी झिरपली तर काय होते? पाच सिलिंडर चालतात व सहावे लंगडते. आणि ते लंगडणे खोलीतील प्रत्येकाच्या कानास ऐकू येते.

आता वाचकांनी या परीक्षेची आमच्या नेहमीच्या परीक्षेशी तुलना करावी. आमच्या परीक्षेत शंभरांपैकी पस्तीस गुण मिळाले म्हणजे विद्यार्थी उत्तीर्ण होतो. थोडे उणे पडल्यास सवलतीचे गुण आहेत. अक्षर सुवाच्य असल्यास परीक्षकाची कृपा आहे. आणि सर्व मार्ग खुंटले तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज आहे. पस्तीस टक्के बरोबर असलेला शाफ्ट मात्र फिरत नाही. लोखंडास वशिला समजत नाही. वडिलांचा हुद्दा, घरची श्रीमंती, जात, धर्म, भाषेची सफाई यांपैकी कशाचीही त्यास ओळख नाही. आपण माप चुकलो की नाही, हे लोखंड तोंडावर सांगते. आणि सांगून झाल्यावर रागही धरीत नाही. दुसऱ्या दिवशी नवी कांब घेऊन त्याच्यापुढे उभे राहावे, ते पूर्ववत न्यायाने वागते. इतका कठोर व इतका निष्पक्षपाती गुरू मुलांस बालपणीच लाभावा, ही आमची इच्छा अवास्तव आहे काय?

खोटे बोलू नये, हे वचन आम्ही मुलांकडून शेकडो वेळा म्हणवून घेतो. परंतु खोटे बोलण्याचा मोह ज्या प्रसंगी होतो, तो प्रसंग वर्गात क्वचितच येतो. कार्यशाळेत तो दर घटकेस येतो. जरासे अधिक घासले गेले आहे, कोणास दिसणार नाही; रंग लावला की झाकले जाईल; असा विचार मनात येतो, आणि त्याच क्षणी मुलास ठाऊक असते की, डोळ्यांस न दिसणारी ही गोष्ट इंजिन सुरू करताना उघड होणार आहे. असे शंभरदा घडले म्हणजे खरेपणा ही उपदेशाची गोष्ट न राहता हाताची सवय बनते. नीतिशिक्षणाचा याहून चांगला तास आम्हांस सुचत नाही.

मग असे शिक्षण आपल्या शाळांत का नाही? खरे कारण पैशांचे नाही, मनाचे आहे. ज्याच्या हाती पोथी त्याच्या हाती हातोडा नसावा, आणि ज्याच्या हाती हातोडा त्याने पोथीकडे पाहू नये, अशी विभागणी आपल्या समाजाने शतकानुशतके पाळली. जातिभेद कायद्याने गेला तरी ही विभागणी गेली नाही. आजही हुशार मुलाने आयटीआयमध्ये जाण्याची इच्छा दाखवली तर घरात सुतक पडल्यासारखे होते. आणि हे कोठे? तर ज्या भंडारा शहरास लोक पितळनगरी म्हणतात, जेथील भांडी घडवणाऱ्यांच्या हातोड्यांवर शहराचे नाव झाले, त्या जिल्ह्यात. आमच्या शेजारी जवाहरनगर येथे 1964 पासून आयुधनिर्माणी उभी आहे. 24 जानेवारी 2025 रोजी तेथील भीषण स्फोटात कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा या परिसरातील प्रत्येक घर हळहळले. हाताने काम करणारी माणसे काय पणास लावून काम करतात, हे आम्हांस त्या दिवशी आठवले. ते एरवीही आठवले पाहिजे.

मिशनच्या शाळेस तर हे विसरण्याचा अधिकारच नाही. ज्या प्रभूचे नाव घेऊन आमच्या शाळेचा दिवस सुरू होतो, तो सुताराच्या घरी वाढला आणि स्वतः सुतार म्हणून ओळखला गेला. त्याचा थोर शिष्य पौल तंबू शिवून पोट भरीत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल हे विणकऱ्यांच्या हातमागाचा वेग वाढवण्यासाठी खपत होते, आणि त्यांचा सुधारलेला माग पुढे प्रसिद्धीस आला. धर्मकार्य व हातमाग यांत त्यांस विरोध दिसला नाही. आमच्या शेजारच्या वर्ध्यास 1937 साली भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या द्वारे शिक्षण देण्याचा विचार देशापुढे ठेवला. ज्या प्रदेशात हा विचार मांडला गेला, त्याच प्रदेशातील प्रदर्शनांत आज दुकानातले हृदय उघडझाप करते!

विद्यार्थ्यांस येथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचे स्मरण करून देणे अवश्य आहे. ते मुंबईस जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी गेले. परंतु काही रंगांतील भेद आपल्या डोळ्यांस कळत नाही असे आढळल्याने त्यांस रंगांचा नाद सोडून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले. बेळगावी सायकलींचे दुकान, मग 1903 साली लोखंडी नांगर, मग 1910 साली किर्लोस्करवाडी, असा त्यांचा प्रवास आहे. 1946 साली पुण्यास त्यांच्या घराण्याचा तेलइंजिनांचा कारखाना निघाला. या सर्वाच्या मुळाशी काय होते? यंत्र उघडून पाहावे, त्याचे चित्र काढावे, मग आपल्या हाताने तसे घडवून पाहावे, ही साधी जिज्ञासा होती. ती जिज्ञासा विकत मिळत नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप खर्चाचा. एक जुना पण चांगल्या स्थितीतील लहान लेथ, एक ड्रिल, दोन शेगडे, काही कानशी आणि मापनाची साधने यांवर आरंभ होऊ शकतो. वर्षानुवर्षे विकत आणलेल्या आणि प्रदर्शन संपताच कचऱ्यात गेलेल्या प्रतिकृतींवर सर्व पालकांनी मिळून किती खर्च केला, याचा हिशेब कोणी मांडला तर आम्हांस उत्तर देण्याचे कारण उरणार नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा. आणि तो खरा आहे. फिरत्या यंत्रापुढे सैल बाही, ओढणी, मोकळे केस व हातमोजे मुळीच चालणार नाहीत. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि पेट्रोल व ठिणगी यांचे प्रयोग शिक्षक समोर असल्यावाचून होता कामा नयेत. परंतु धोका ओळखून त्याच्याशी नियमाने वागणे हेही शिक्षणच आहे. ओढणीचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला. कारण या कार्यशाळेत मुली असल्याच पाहिजेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागास मुलगा व मुलगी यांतील भेद ठाऊक नाही.

तिसरा आक्षेप वेळेचा. दहावीच्या वर्षी हे कोण करील? आम्हीही दहावीचे वर्ष मागत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना घालवावेत व मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे, असे सुचवले आहे. त्या दहा दिवसांस आपण सहल न समजता आरंभ समजावे, एवढेच आमचे मागणे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत चतुर आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर आल्या, संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारी यंत्रे आली; मग मेलेल्या विद्येचे ओझे मुलांवर कशाला? आमचे उत्तर असे की, इंजिन हे येथे साध्य नाही, साधन आहे. विजेच्या मोटारीसही शाफ्ट असतो, बेअरिंग असते. तीही तापते व फुगते. संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रास चुकीचे माप दिले तर ते अत्यंत अचूकपणे चुकीची वस्तू कापून देते. माप कोणते द्यावे हे ज्याच्या हातास ठाऊक आहे, त्याचेच नवे यंत्र खरे चाकर होईल. इतरांचे ते मालक होईल.

आमची सूचना येणेप्रमाणे आहे. आठवीच्या विद्यार्थ्यांनी प्रथम लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा घ्यावा आणि केवळ कानस, गुण्या व मापपट्टी यांच्या साहाय्याने त्याचा सर्व बाजूंनी समान असा घन करावा. हे काम ऐकण्यास सोपे आहे. करून पाहणाऱ्यास त्याची थोरवी कळेल. त्यानंतर पितळेचे एका सिलिंडरचे, सायकलच्या पंपाच्या हवेवर फिरणारे छोटे इंजिन घडवावे. पितळ मऊ असते आणि ते आपल्या जिल्ह्याचे आहे. यात उतरलेल्या पाच-सहा मुलामुलींनी मग सहा सिलिंडरांच्या इंजिनास हात घालावा. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर व टर्नर या पंचक्रोशीत आहेत. त्यांपैकी एखाद्यास शाळेने मानाने बोलावून गुरुजी म्हणून खुर्ची द्यावी. हे काम एका तुकडीच्या हातून पुरे होणार नाही, हे आम्ही जाणतो. एका तुकडीने क्रँकशाफ्ट करावा, दुसरीने सिलिंडरे, तिसरीने झडपा. आणि ज्यांनी पहिली कांब कापली ते महाविद्यालयात पोहोचले असतील तेव्हा कोणीतरी इंजिनास पहिली ठिणगी द्यावी. आजोबाने लावलेल्या आंब्याची फळे नातवंडे खातात. त्यात आजोबास तोटा झाला असे कोणी मानीत नाही.

आणखी एक गोष्ट. पुढील प्रदर्शनात विकत आणलेल्या प्रतिकृतींस स्थान देऊ नये, आणि त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी बिघडलेल्या भागांचे टेबल मांडावे. त्यावर तिरप्या पिनांचा शाफ्ट असावा, झिरपणारी झडप असावी, तीन बाजूंनी सरळ व चौथ्या बाजूने उतरता झालेला घन असावा. आणि प्रत्येकाखाली घडवणाऱ्याचे नाव व नेमके काय चुकले हे एका वाक्यात लिहिलेले असावे. पालकांनी त्या टेबलापुढे सर्वांत अधिक वेळ उभे राहावे. आपल्या मुलाचे नाव तेथे दिसले तर खाली मान घालू नये. ते नाव तेथे लिहिण्यास त्याला जे धैर्य लागले असेल, ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.